कार्य, कारण आणि लय : कापसाच्या तंतूतून घडणाऱ्या हायड्रोजेलचा तात्त्विक विचार

एखाद्या नैसर्गिक द्रव्यावर माणसाने प्रक्रिया केली आणि त्यातून पूर्वी न दिसलेला गुण प्रकट झाला, तर तो गुण त्या द्रव्यात आधीपासूनच होता की माणसाच्या कृतीमुळे नव्याने उत्पन्न झाला, हा भारतीय दर्शनांतील फार जुना वाद आहे. सांख्यांनी त्याचे एक उत्तर दिले, न्याय-वैशेषिकांनी नेमके उलट उत्तर दिले, आणि मातीचा घट, दुधाचे दही, तिळाचे तेल व सुताचे वस्त्र या ठरलेल्या उदाहरणांच्या आधारे ही चर्चा शतकानुशतके चालली. आज रसायनशास्त्र कापसाच्या तंतूपासून, पिष्टापासून किंवा झाडाच्या डिंकापासून स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरणारे पदार्थ घडवते आणि वनस्पतींपासून प्रेरणा घेतलेले पदार्थ म्हणून त्यांची ओळख करून देते, तेव्हा तोच वाद नव्या रूपात पुढे येतो. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या आणि बहुतांशी पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या जिल्ह्यात तो केवळ पंडितांचा वाद राहत नाही, कारण ज्या तंतूपासून असा पदार्थ घडू शकतो तो तेथील शेतात पिकतो आणि घडलेला पदार्थ ज्या मातीत मिसळायचा तीही तेथील शेतकऱ्याचीच असते.

हायड्रोजेल म्हणजे पाण्यात न विरघळता पाणी शोषून फुगणारे रेणूंचे जाळे. हे जाळे बहुवारिकांचे, म्हणजे लहान घटक हजारोंच्या संख्येने एकापुढे एक जोडले जाऊन बनलेल्या लांब रेणूंचे असते, आणि हे लांब रेणू मधूनमधून आडव्या दुव्यांनी एकमेकांशी बांधलेले असतात. रेणूंना पाण्याची ओढ असते म्हणून पाणी आत शिरते, दुवे रेणूंना सुटू देत नाहीत म्हणून जाळे विरघळून जात नाही, आणि या दोन विरुद्ध ओढींचा जेथे तोल साधतो तेथे फुगणे थांबते. 1960 मध्ये प्राग येथील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीरात वापरता येतील अशा जेलांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून डोळ्यांतील मऊ भिंगांचा मार्ग खुला झाला. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने पिष्टावर कृत्रिम बहुवारिकाचे कलम करून अतिशोषक पदार्थ तयार केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पिष्टावर आधारलेला ‘जलशक्ती’ हा पदार्थ विकसित झाला, आणि तेथेच रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलांच्या फुगण्याचा मूलभूत अभ्यास केला. पुढे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले ‘पुसा हायड्रोजेल’ शेतीसाठी दिले. ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे 350 पट किंवा त्याहून अधिक शुद्ध पाणी धरते आणि हेक्टरी 2.5 ते 5 किलो या प्रमाणात मुळांजवळच्या मातीत घालण्याची शिफारस केली जाते.

यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीकडे पाहिले तर या पदार्थाचे प्रयोजन स्पष्ट होते. वर्धा, पैनगंगा आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठांवर भारी काळी जमीन आहे, तर मधल्या पठारावर आणि टेकड्यांच्या उतारांवर मुरमाड, बरड जमीन आहे. काळ्या मातीतील चिकणकण पाणी मिळताच फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला खोल भेगा पाडतात, म्हणजे पाणी धरण्याचा आणि सोडण्याचा गुण त्या मातीत मुळातच आहे. बरड जमिनीत तो फारच थोडा असतो. पेरणी झाल्यावर पावसाने दीर्घ उघडीप दिली की भारी जमिनीतील पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, काही दिवस तग धरते, आणि बरडावरील रोप आधी माना टाकते. हायड्रोजेल पाणी निर्माण करत नाही. पडलेल्या पावसाचा जो अंश खाली निघून गेला असता किंवा वाफ होऊन उडाला असता, त्यातील काही भाग ते मुळांच्या आवाक्यात धरून ठेवते, इतकीच त्याची शक्ती आहे आणि कोरडवाहू शेतीत ती शक्ती लहान नाही.

वनस्पतींनी हे काम माणसाच्या फार पूर्वीपासून केलेले आहे. सब्जा, आळीव आणि इसबगोल यांच्या बियांभोवती पाणी लागताच बुळबुळीत वेष्टन तयार होते आणि ते उगवणाऱ्या अंकुराजवळ ओल टिकवते. विदर्भाच्या जंगलांतील कांडोळ आणि धावडा या झाडांच्या सालीला जखम झाली की तेथे डिंक स्रवतो, आणि कांडोळाचा डिंक पाण्यात अनेक पटींनी फुगतो. माळावरील कुसळी गवताच्या बीजाला असलेले लांब कुसळ ओलाव्याच्या चढउताराबरोबर पिळते आणि उलगडते, आणि त्या हालचालीने बीज जमिनीत शिरते. कुसळातील सेल्युलोजच्या तंतूंची दिशा वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी असल्यामुळे एक भाग अधिक फुगतो व दुसरा कमी, म्हणून ही हालचाल घडते. हेच तत्त्व वापरून 2016 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळलेल्या जेलपासून अशा आकृती छापल्या, की पाण्यात टाकल्यावर त्या फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे आपोआप वळत. या सर्वांत विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मात्र मुळाच्या टोकाचे आहे. वाढणारे मूळ आपल्या टोकाशी शर्करांच्या लांब साखळ्यांचा एक श्लेष्म स्रवते, जो मातीच्या कणांना मुळाशी धरून ठेवतो, ओल टिकवतो, आणि काही काळाने मातीतील सूक्ष्मजीवांचे अन्न होऊन नाहीसा होतो. शेतीत वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजेलचा खरा पूर्वज हाच आहे, आणि नाहीसे होणे हा त्याच्या कार्याचाच एक भाग आहे.

कापसाचा तंतू जवळजवळ संपूर्णपणे सेल्युलोजचा असतो. 1838 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी वेगळे करून दाखविलेले हे द्रव्य ग्लुकोजच्या घटकांची सरळ साखळी आहे, आणि प्रत्येक घटकावर पाण्याशी सलगी करणारे तीन हायड्रॉक्सिल गट असतात. एवढे गट असूनही कापूस पाण्यात विरघळत नाही किंवा फारसा फुगतही नाही, कारण शेजारशेजारच्या साखळ्या याच गटांच्या आधारे एकमेकींना घट्ट बिलगून स्फटिकासारख्या रचनेत बसलेल्या असतात आणि आतील गटांपर्यंत पाणी पोहोचत नाही. तीव्र अल्कलीच्या द्रावणात ही घट्ट रचना सैल होते. त्या अवस्थेत मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाशी संयोग घडविला की काही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी कार्बोक्सिमिथिल गट येतात, आणि त्यांवरील विद्युत्भार साखळ्यांना एकमेकींपासून दूर लोटून पाण्याला आत वाव देतो. अशा बदललेल्या सेल्युलोजला सायट्रिक आम्लासारख्या द्रव्याने आडवे दुवे दिले की हायड्रोजेल तयार होते.

या प्रक्रियेचे सांख्य-योगाच्या भूमिकेवरून वर्णन करायचे तर फारशी ओढाताण करावी लागत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत मांडलेला सत्कार्यवाद असे सांगतो, की कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात अव्यक्त रूपाने असतेच. जे मुळातच नाही ते कोणत्याही प्रयत्नाने आणता येत नाही, म्हणून तेल हवे असणारा तीळच घेतो, वाळू घेत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादात हा विचार आणखी पुढे नेला आहे, आणि तेथे दृष्टांत शेतकऱ्याचाच आहे: पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात न्यायचे असेल तर शेतकरी ते हातांनी ढकलत नाही, मधला बांध फोडतो, आणि पाणी आपल्या स्वभावानेच पुढे जाते. निमित्तकारण, म्हणजे करणारा आणि त्याची साधने, प्रकृतीला प्रवृत्त करत नाही, केवळ तिच्या मार्गातील अडथळा दूर करते, असा याचा अर्थ आहे. सेल्युलोजच्या साखळ्यांची घट्ट बांधणी हाच येथे तो बांध आहे. पाण्याची ओढ हायड्रॉक्सिल गटांत पहिल्यापासून होती, अल्कलीने बांध फोडला आणि ती व्यक्त झाली. या दृष्टीने पाहता कापसाचे जेल ही माणसाची निर्मिती ठरत नाही; ती कापसाच्याच अव्यक्त सामर्थ्याची अभिव्यक्ती ठरते.

न्याय-वैशेषिक यावर जो आक्षेप घेतील तोही तितकाच समर्थ आहे. त्यांच्या आरंभवादानुसार कार्य ही पूर्वी नसलेली, नव्याने आरंभ झालेली वस्तू असते, आणि त्यांचे आवडते उदाहरण सुताचे आणि वस्त्राचे आहे: सूत हे वस्त्राचे समवायी कारण, म्हणजे ज्यात वस्त्र कायम राहते ते द्रव्य, सुतांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, विणकर आणि त्याचा माग हे निमित्त कारण, परंतु वस्त्र हे सुतांहून वेगळे आणि नवे द्रव्य आहे, कारण अंग झाकण्याचे काम सुटे सूत करू शकत नाही. जेलच्या बाबतीत हा युक्तिवाद अधिकच ठसठशीत होतो. आडवे दुवे नसलेले कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज पाण्यात टाकले तर ते विरघळून दाट द्रावण होते, आणि म्हणूनच कापड-उद्योगात त्याचा खळीसाठी उपयोग होतो. पाणी धरून आकारही टिकवण्याचा गुण कोणत्याही एका साखळीत नसतो, तो दुव्यांनी बांधलेल्या समग्र जाळ्यातच असतो. शिवाय शेतीसाठी मिळणाऱ्या अनेक जेलांत सेल्युलोजवर किंवा पिष्टावर पॉलिॲक्रिलेटचे कलम केलेले असते, आणि हे दुसरे बहुवारिक खनिज तेलापासून येते. ते कापसात अव्यक्त रूपाने होते असे कोणत्याही अर्थाने म्हणता येत नाही.

या वादाची तिसरी बाजू बौद्धांची आहे, आणि आधुनिक रसायनशास्त्राच्या इतिहासाने तिला अनपेक्षित साक्ष पुरवली. अवयवांहून वेगळा असा कोणी अवयवी नसतो, वस्त्र म्हणून ज्याला ओळखतात तो केवळ पुंज असतो, अशी बौद्धांची भूमिका होती. 1920 च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी सेल्युलोज व रबर हे खरोखरच प्रचंड लांबीचे अखंड रेणू आहेत असे मांडले, तेव्हा अनेक समकालीनांचे मत हे लहान रेणूंचे नुसते पुंज आहेत असेच होते. श्टाउडिंगर यांची बाजू खरी ठरली आणि 1953 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे बौद्धांच्या तत्त्वज्ञानाचा निकाल लागला असे मानणे चुकीचे होईल, कारण रेणूही पुन्हा अवयवांचाच आहे. एवढे मात्र दिसते, की समग्राला स्वतंत्र सत्ता आहे की नाही हा प्रश्न प्रयोगशाळेतही टाळता आला नाही.

सांख्य आणि न्याय यांपैकी कोणा एकाला विजयी ठरवण्याची येथे गरज नाही, कारण दोघेही एकाच प्रक्रियेच्या दोन टप्प्यांचे यथार्थ वर्णन करतात: पाण्याची ओढ कापसातून आली आणि जाळे माणसाने आरंभले. महत्त्व आहे ते या दोन भूमिकांतून निघणाऱ्या नैतिक निष्कर्षांना. जे काही घडले ते सर्व निसर्गातच होते असे म्हटले, तर घडवणारा आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द पुरेसा दाखला मानला जातो. जे काही घडले ते सर्व माणसाने केले असे म्हटले, तर तंतू देणारी वनस्पती, ती पिकवणारे हात आणि ती माती यांचे ऋण विसरले जाते. या दोन्ही पळवाटा बंद करायच्या तर केवळ उत्पत्तीकडे पाहून चालत नाही, वस्तूच्या अंताकडेही पाहावे लागते.

सांख्यांच्या मते वस्तूचा नाश म्हणजे शून्य होणे नव्हे, तर कार्याचे आपल्या कारणात परत जाणे होय, आणि त्यालाच लय म्हणतात. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. संत एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथातून ती मराठी समाजाच्या घराघरांत पोहोचली. परंपरा ज्या दत्तात्रेयाला हा अवधूत मानते, त्याचे माहूर हे क्षेत्र यवतमाळच्या सीमेवरच, पैनगंगेच्या पलीकडे आहे. या गुरूंत पृथ्वीबरोबर वृक्ष येतो, ज्याच्याकडून अवधूत परार्थ जगणे शिकतो, आणि त्यांत कोळीही येतो. कोळी आपल्यातूनच तंतू काढतो, त्याचे जाळे विणतो आणि शेवटी ते स्वतःतच सामावून घेतो. ईश्वर विश्व कसे निर्माण करतो आणि कसे आवरतो याचे ते उदाहरण आहे. मुंडकोपनिषदात हाच कोळी पृथ्वीवर उगवणाऱ्या वनस्पतींच्या जोडीने येतो. जो तंतू निर्माण करतो त्याने तो परत घेण्याची व्यवस्थाही आपल्याजवळ ठेवली पाहिजे, हा या दृष्टांतातील बोध विणणाऱ्या प्रत्येक हाताला लागू आहे. ईश्वराच्या ठिकाणी ही व्यवस्था स्वभावसिद्ध मानलेली आहे. माणसाला ती जाणीवपूर्वक करावी लागते.

रसायनशास्त्राच्या भाषेत ही लयाची कसोटी अगदी नेमकी मांडता येते. सेल्युलोजची साखळी मातीतील बुरशी आणि जिवाणू यांच्या सेल्युलेज या विकरांनी, म्हणजे जैव उत्प्रेरकांनी, तुटते आणि तिचे पुन्हा ग्लुकोज, पाणी व कर्बवायू होतात. रासायनिक बदल मात्र या परतीवर परिणाम करतो. ग्लुकोजच्या प्रत्येक घटकावर तीनच जागा असल्याने बदलाचे प्रमाण अधिकात अधिक 3 असू शकते. ते साधारण 0.4 च्या पुढे गेले की सेल्युलोज पाण्यात विरघळण्याजोगे होते, परंतु ते जसजसे वाढते तसतशी विकरांना साखळीवर पकड घेण्यास जागा कमी उरते आणि विघटन मंदावते. कलम केलेल्या पॉलिॲक्रिलेटचा कणा तर कर्बाच्या अशा बंधांचा असतो, की मातीतील सूक्ष्मजीवांना तो फारच सावकाश तोडता येतो. म्हणून एकाच दाण्यातील सेल्युलोजचा भाग मातीत परतू शकतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग मागे राहू शकतो. द्रव्यावर किती संस्कार करावा याची मर्यादा येथे दिसते: ज्या संस्काराने उपयोग वाढतो, त्याच संस्काराचा अतिरेक परतीची वाट बुजवतो.

या कसोटीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की खनिज तेलही मूळचे प्राचीन जीवसृष्टीतूनच आलेले आहे, आणि दीर्घ काळात प्रत्येक वस्तू आपल्या कारणात परत जाणारच आहे. हे खरे असले तरी कल्पाच्या मोजमापाने शेत मोजता येत नाही. जो दाणा एका हंगामासाठी मातीत टाकला जातो, त्याची परत पुढच्या काही हंगामांतच झाली पाहिजे, कारण त्या मातीवर जगणाऱ्यांचे आयुष्य त्याच मापाचे असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दीर्घ दुःख सोसले आहे, तेथे पावसाच्या खंडात पीक वाचवणाऱ्या साधनापुढे तत्त्वज्ञानाने अटी का ठेवाव्यात? येथे प्रमाणाचे भान राखणे अवश्य आहे: हेक्टरी काही किलो दाण्यांनी माती नासते असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, आणि वाचलेले पीक हे कोणत्याही सिद्धांताहून कमी पवित्र नाही. परंतु ही अट शेतकऱ्यावर नाही. ती पदार्थ घडवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे, आणि ज्याच्याजवळ जमिनीवाचून दुसरी ठेव नाही त्याच्याच बाबतीत ती सर्वांत कडकपणे पाळली गेली पाहिजे. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात मोजलेला आकडा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात बराच खाली येतो, कारण कॅल्शियम व मॅग्नेशियमचे भार जाळ्याला आकसून धरतात. हेही त्याला आधी सांगितले गेले पाहिजे.

वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा शहरातील मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा यांनी 1945 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्थायी अर्थव्यवस्थेची कल्पना मांडली. निसर्गातील प्रत्येक घटक घेतलेले परत देऊन जीवनाचे चक्र चालू ठेवतो, आणि हे चक्र तोडणे ही हिंसा आहे, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अहिंसेचा असा अर्थ लावला की ती केवळ प्राण्यांशी वागण्याची रीत राहत नाही. द्रव्य कसे घडवावे याचाही तो नियम होतो. यवतमाळमध्ये कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटीची धसकटे अनेकदा जाळली जातात, आणि त्यांतही सेल्युलोज असते. त्याचे जेल होऊन ते त्याच शेतात पाणी धरू लागले आणि शेवटी त्याच मातीत विरून गेले, तर कुमारप्पांना अभिप्रेत असलेले चक्र पूर्ण होईल. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिची स्थापना 1924 मध्ये झाली, कापसाच्या तंतूंचा आणि अवशेषांचा अभ्यास दीर्घकाळ करत आलेली असल्यामुळे या दिशेचे ज्ञान महाराष्ट्राबाहेर शोधावे लागणार नाही.

कणादाच्या वैशेषिक सूत्रांत वृक्षामध्ये पाणी वर चढते ते अदृष्टामुळे, असे म्हटले आहे. अदृष्ट म्हणजे जे कार्यावरून मानावे लागते पण प्रत्यक्ष दिसत नाही असे कारण. 1894 मध्ये डिक्सन आणि जोली यांनी पानांतून होणारे बाष्पीभवन आणि जलरेणूंची परस्परांतील ओढ यांच्या आधारे या चढण्याचे स्पष्टीकरण दिले, आणि कणादाचे अदृष्ट तेवढ्यापुरते दृष्ट झाले. तरीही अदृष्टाची जागा संपली नाही, तिची दिशा बदलली. पूर्वी कारणे अदृष्ट होती. आज कारणे हाती आली आहेत, पण मातीत टाकलेल्या नव्या द्रव्याचे अनेक वर्षांनी होणारे परिणाम अदृष्ट आहेत, आणि कर्माचे न दिसणारे फळ कर्त्याला चिकटते हा त्या शब्दाचा दुसरा शास्त्रीय अर्थ येथे पूर्णपणे लागू पडतो.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. वनस्पतीचे तंतू वापरले किंवा वनस्पतीच्या हालचालीची नक्कल केली एवढ्याने कोणताही पदार्थ वनस्पतीचा शिष्य ठरत नाही. मुळाचा श्लेष्म जसा काम संपताच मातीचे अन्न होतो, तसे होण्याची क्षमता ज्यात आहे तोच त्या नावाला पात्र आहे. म्हणून हायड्रोजेल किती पट पाणी धरते या आकड्याबरोबर ते किती हंगामांत आणि कशात विघटित होते हा आकडाही प्रत्येक पाकिटावर छापला गेला पाहिजे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी तो यवतमाळच्या भारी आणि बरड अशा दोन्ही जमिनींत अनेक हंगाम मोजून, शेतकऱ्यांना सहभागी करून, जाहीर केला पाहिजे.